एकसष्ट पौंड जुना गॅस

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे मला स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर समजतात. तो मी नव्हे. मी एक जुना, जाड पोलादी सिलिंडर आहे. अंग राखाडी आणि खांदे पिवळे. हा पिवळा रंग शोभेसाठी दिलेला नाही. याच्या पोटात वापरलेला गॅस आहे, असं तो कारागिरांना सांगतो. गारवा देणारी यंत्रं बिघडली किंवा मोडीत निघाली, की त्यांच्या नळ्यांमधला गॅस ओढून माझ्यात भरतात. उष्टं पोटात घेणारा म्हणा ना! कोऱ्या गॅसचा मान मला कधी मिळाला नाही.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून सांधल्या आणि मी तयार झालो. मग माझ्यात पाणी भरून इतका दाब दिला, की आता फुटतो की काय असं वाटलं. फुटलो नाही, म्हणून माझ्या गळ्याशी तारीख कोरली गेली. दर पाच वर्षांनी ही परीक्षा पुन्हा द्यावी लागते. जो नापास होतो त्याला भोक पाडून भंगारात टाकतात.

तिथून मी थेट दक्षिण टेक्ससमध्ये आलो. नदीकाठचं पालो सेको हे गाव. नदीच्या पलीकडे मेक्सिको. रामिरो त्रेविन्यो यांनी मला विकत घेतलं. ते आणि त्यांची बायको युलालिया गारव्याच्या यंत्रांचं आणि गॅसचं दुकान चालवत. गॅस ते परदेशातून मागवत. युलालियाला सगळे लाला म्हणत. दुकानातला मुख्य कारागीर होता रेमुंडो, म्हणजे मुंडो. लालाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तो उभा राहिला होता, म्हणून लाला त्याला ‘कोंपाद्रे’ म्हणे आणि तो तिला ‘कोमाद्रे’. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडांच्या नात्याइतकं पक्कं असतं. भांडणंही तितकीच असतात.

माझी पहिली वर्षं रिकामपणात गेली. यंत्रातला जुना गॅस माझ्यात ओढून घ्यायला अर्धा तास लागतो. झडप उघडून तो हवेत सोडायला दोन मिनिटं पुरतात. तसं करायला कायद्याने बंदी आहे, पण छपरावर चढून बघायला कोण येतं? मुंडो आजूबाजूला नजर टाकी आणि झडप उघडी. रामिरोंनी विचारलं, तर म्हणे, “निघालाच नाही हो काही. आधीच गळून गेला होता.” दुपारी मला आडवा करून माझ्यावर बसून तो बीन्सचे टाको खाई. मी म्हणजे त्याचं स्टूल.

त्या गॅसला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून तो गेला तरी कुणाला काही गेल्यासारखं वाटत नाही. पण मित्रांनो, चुलीच्या आणि मोटारींच्या धुरातला जो वायू पृथ्वीला तापवतो, त्याच्या दोन हजार पौंडांनी जेवढं तापेल, तेवढं या गॅसच्या एका पौंडाने तापतं. आम्ही खोल्या गार करत होतो आणि आभाळ गरम करत होतो.

पुढे रामिरो वारले. दुकान लालाने एकटीने पुढे नेलं. त्यानंतर काही वर्षांनी सरकारने नवा कायदा केला. हा गॅस एकदम बंद करायचा नाही, पण पायरीपायरीने कमी करायचा. जिथे शंभर होता तिथे आधी नव्वद, मग साठ, मग आणखी खाली. आणि जो काही बनवायचा किंवा बाहेरून आणायचा, त्याचा प्रत्येक कंपनीला दरसाल वाटा ठरवून द्यायचा. पूर्वीच्या वर्षांत कुणी किती आणला होता ते बघून हे वाटे ठरले. दर ऑक्टोबरच्या सुमाराला पुढच्या वर्षाची यादी लागे. वाट्याबाहेरचा एक डबासुद्धा बंदरातून बाहेर काढता येत नसे.

पहिली यादी लागली त्या दिवशी लाला संगणकासमोर बसली होती. नावं वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

“आपलं नावच नाही, कोंपाद्रे.”

“नीट बघ. ‘आर’मध्ये बघ, रामिरोच्या नावाने असेल.”

“बघितलं. ‘आर’मध्ये बघितलं, ‘टी’मध्ये बघितलं. नाहीये.”

रामिरोंनी बरीच वर्षं दुसऱ्याच एका कंपनीच्या कागदांवर माल आणला होता. त्यामुळे सरकारच्या लेखी आम्ही कधी गॅस आणलेलाच नव्हता. लालाने अर्ज केला, जुने कागद जोडले, सहा वेळा फोन केले. शेवटी धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या भागातून तिला एक लहानसा वाटा मिळाला. वीस वर्षं दुकान चालवल्यावर आम्ही नवखे ठरलो! पण वाटा मिळाला, एवढं खरं.

त्या दिवसापासून लाला बदलली. तिने मला कोपऱ्यातून बाहेर काढलं, धूळ पुसली आणि मुंडोच्या पायाशी ठेवलं.

“आजपासून एक पौंडसुद्धा हवेत सोडायचा नाही. बाहेरून आणायला वाटा लागतो. जुना गोळा करायला लागत नाही.”

“म्हणजे आता मी कचरा वेचायचा का?”

“हो. आणि प्रत्येक सिलिंडरला चिठ्ठी बांधायची. कुठल्या यंत्रातून काढला, कधी काढला, किती भरला.”

“बारसंही करू या त्याचं,” मुंडो म्हणाला. पण चिठ्ठी बांधली.

मार्च महिन्यात त्याने मला सांता रिता वृद्धाश्रमात नेलं. तिथल्या कपडे धुण्याच्या इमारतीवरचं मोठं यंत्र मोडीत काढायचं होतं. त्यातला एकसष्ट पौंड गॅस माझ्यात भरला. लालाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली आणि मला दुकानामागच्या शेडमध्ये ठेवलं. जुने सिलिंडर पुरेसे जमले, की ते सान अँतोनियोच्या शुद्धीकरण कारखान्यात पाठवायचे होते. मी वाट बघत राहिलो.

आता त्या ऑगस्टच्या शुक्रवारची गोष्ट सांगतो.

त्या आठवड्यात माणसाला चढला तर डॉक्टर धावत येतील असा एकशे चारचा पारा रोज चढत होता. लालाचा त्या वर्षीचा वाटा पहिल्या कंटेनरमध्येच जवळजवळ संपला होता. दुसरा कंटेनर ह्यूस्टनच्या बंदरात उभा होता. त्यासाठी लागणारा वाटा एका दुसऱ्या कंपनीकडून विकत घ्यायचं ठरलं होतं, आणि ऐन वेळी त्या कंपनीने तो एका मोठ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकला. माल आहे, पण आणता येत नाही, अशी गत. चार जिल्ह्यांतल्या दुकानांत तोच गॅस चिमूटभर उरला होता आणि जो तो आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरता धरून बसला होता.

सकाळी नऊ वाजता सांता रिताच्या व्यवस्थापिका डेल्फिनाबाईंचा फोन आला. “लाला, पूर्वेकडच्या खोल्यांमध्ये गरम हवा येतेय. तिथे माझी नऊ माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत.”

मुंडो लगेच गेला. तासाभरात त्याचाही फोन आला. छपरावरच्या यंत्रातली एक तांब्याची नळी थरथरून थरथरून पत्र्याला घासली होती आणि चिरली होती. गॅस सगळा गेला होता. नळी तो सांधणार होता, पण पुन्हा भरायला चव्वेचाळीस पौंड गॅस हवा होता.

“दुकानात किती आहे, कोमाद्रे?”

“पाच.”

“मग मिगेलच्या दुकानात विचार.”

“विचारलं. मंगळवारी म्हणतोय.”

“मंगळवारी?” मुंडो ओरडला. “मंगळवारपर्यंत इथे शवपेट्या मोजाव्या लागतील!”

फोन ठेवून लाला शेडमध्ये आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या गळ्यातली चिठ्ठी तिने दोनदा वाचली. कायदा तिला पाठ झाला होता. जुना गॅस दुसऱ्या कुणाला विकायचा, तर तो आधी कारखान्यात जाऊन कोऱ्यासारखा व्हायला हवा. पण ज्याच्या यंत्रातून काढला त्याच मालकाच्या दुसऱ्या यंत्रात तो गाळून भरता येतो. माझ्या पोटातला गॅस सांता रिताचा होता. तो सांता रितालाच चालत होता.

तिने मला ढकलगाडीवर घालून आपल्या गाडीत चढवलं. शेजारी गाळणीचं यंत्र ठेवलं आणि निघाली. दोन सिग्नल तिने लाल असतानाच ओलांडले. एरवी ती कधी असं करत नाही.

सांता रिताच्या मागच्या अंगणात एका मेस्किटच्या झाडाखाली तिने यंत्र मांडलं. मुंडो छपरावरून उतरला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने नळी सांधली होती आणि आतली हवा व ओल खेचून काढायला पंप लावला होता. मला बघून तो थबकला.

“हा? हा तर कचरा आहे!”

“गाळला की कचरा राहत नाही.”

“आणि आत आम्ल असलं तर? यंत्राची मोटर खाऊन टाकेल. मग मंगळवारीसुद्धा काही होणार नाही, नाताळपर्यंत बसा.”

“मोटर जळाली की आम्ल होतं. मार्चमध्ये काढलंस त्या यंत्राची मोटर जळालेली होती का?”

मुंडोने मान खाली घातली. “आठवत नाही.”

“बघितलं नव्हतंस?”

“भंगारात जाणारं यंत्र. कशाला बघू?”

लालाने गाळणी सुरू केली. माझ्यातला गॅस नळीतून गाळणीत जाई, तेल आणि ओल तिथे राही, आणि तो दुसऱ्या रिकाम्या सिलिंडरमध्ये उतरे. फार हळू चालतं हे काम. आतून डेल्फिनाबाई दर दहा मिनिटांनी येऊन विचारत, “झालं का?” त्यांनी खाटा ढकलत ढकलत माणसं जेवणाच्या दालनात आणली होती, पण एवढी गर्दी त्या दालनाच्या यंत्राला पेलत नव्हती. ओले टॉवेल, बर्फाचे तुकडे, हाताचे पंखे, सगळं चाललं होतं.

एकीकडे लाला कानाला फोन लावून बंदरावरच्या माणसाशी बोलत होती. “मला पूर्ण कंटेनर नको. दहा डबे सोडा. वृद्धाश्रम आहे हो.” पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. “नियम मलाही माहीत आहेत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सव्वा वाजता तिने गाळलेल्या गॅसची आम्लाची चाचणी घेतली. काचेच्या बारीक नळीतून थोडासा गॅस जाऊ द्यायचा. नळीतला रंग बदलला, तर आत आम्ल आहे.

रंग बदलला. थोडासाच, कडेला, पण बदलला.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या पोटाची लाज वाटली. इतकी वर्षं कुणी मला कचरा म्हटलं, तर वाईट वाटे. त्या दिवशी वाटलं, म्हणतात ते खरंच असेल.

“झालं समाधान?” मुंडो म्हणाला.

“गाळणी नवी घालू. पुन्हा गाळू.”

“अजून तासभर? आत जाऊन बघून ये जरा. माझी हेर्लिंदा मावशी आहे तिथे!”

नेमकी तेव्हाच अंगणात एक पिकअप येऊन थांबली. तिच्यातून लाझारो उतरला. तो हेर्लिंदाबाईंचा मुलगा, म्हणजे मुंडोचा मावसभाऊ. त्याने मागची ताडपत्री बाजूला केली. खाली चार नवे कोरे गुलाबी सिलिंडर होते.

“घे,” तो धापा टाकत म्हणाला. “याच गॅसचे आहेत ना? तुम्ही लोक फोन करत बसा. मी घेऊन आलो.”

लाला सावकाश उठली. “कुठून आणलेस, लाझारो?”

“दुकानातून.”

“कुठल्या दुकानातून? चार जिल्ह्यांत नाहीये.”

“नदीपलीकडच्या. बास?”

तो चोरून आलेला माल होता. त्या उन्हाळ्यात असे सिलिंडर कांद्याच्या पोत्यांखालून, गाड्यांच्या बाकांखालून येत होते, आणि लाझारो त्यांचा धंदा करतो हे गावात अनेकांना माहीत होतं. मुंडोलाही माहीत होतं.

“याच्यावर ना नाव, ना नंबर,” लाला म्हणाली. “हा मी लावू देणार नाही.”

“बाई, तुमच्या वाट्याची यादी तुमच्यापाशी ठेवा!” लाझारोचा आवाज फाटला. “आत माझी आई आहे! तिला विचारा, तुला सरकारी गॅस हवा की चोरीचा.”

लाला त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मुंडोकडे बघितलं. “कोंपाद्रे, तू ठरव.”

मुंडोने एक गुलाबी सिलिंडर उचलला. तो माझ्या शेजारून गेला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. नळी काढली, सिलिंडरला जोडली, दुसरं टोक उचललं. लाझारो म्हणाला, “शाबास! लवकर, लवकर.”

पण मुंडो कितीही आळशी असला, तरी तीस वर्षं मुरलेला कारागीर होता. झडप उघडल्यावर त्याची नजर सवयीने नळीवरच्या दाबाच्या काट्याकडे गेली. इतक्या उन्हात आमच्या गॅसचा काटा तीनशे तीस-चाळीसच्या आसपास हवा. काटा एकशे ऐंशीवर थांबला.

मुंडोने काट्यावर टिचकी मारली. काटा हलला नाही. त्याने झडप बंद केली. दुसरा सिलिंडर लावला. एकशे ऐंशी. तिसरा. तेच.

“काय झालं?” लाझारोने विचारलं.

मुंडोने तिसऱ्याचीही झडप बंद केली. “लाझारो, हा तो गॅस नाहीये.”

“वर लिहिलंय की!”

“लिहिलंय खरं. पण आत दुसरंच आहे. एवढाच दाब म्हणजे... स्वयंपाकाचा गॅस असतो ना, जळणारा, तो असणार.” त्याने छपराकडे हात केला. “हा मी तिथे भरला असता. नळी पुन्हा गळली असती, तर गॅस खोल्यांमध्ये गेला असता. आत किती जणांच्या नाकाला ऑक्सिजनच्या नळ्या आहेत, माहितीय? मावशीच्यासुद्धा.”

लाझारो पिकअपला टेकला. मग खाली सरकत जमिनीवर बसला. “मला काय ठाऊक,” तो म्हणाला. “मुंडो, देवाशपथ, मला वाटलं गॅस खरा आहे.”

त्याच्यावर ओरडायची ती वेळ होती, पण लाला ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, “असे किती विकलेस?”

“या खेपेला? बारा.”

“कुणाकुणाला?”

त्याने उत्तर द्यायच्या आत डेल्फिनाबाई धावत आल्या. हेर्लिंदाबाईंची कातडी कोरडी पडली होती, त्या भलतंसलतं बोलू लागल्या होत्या. रुग्णवाहिका बोलावली होती. ती आली तेव्हा लाझारो उठला, दोन पावलं आईकडे गेला आणि वळला. आईजवळ बसावं की त्या बारा लोकांना गाठावं, हे त्याला कळेना.

“जा तिच्याबरोबर,” लालाने त्याचा फोन त्याच्या हातात कोंबला. “गाडीत बसूनच सगळ्यांना फोन कर. एकालाही सोडू नकोस.”

रुग्णवाहिका गेली. अंगणात मी, लाला आणि मुंडो उरलो. मुंडोने ते चारही सिलिंडर उचलून भिंतीपासून दूर सावलीत ठेवले. मग तो माझ्याजवळ बसला आणि गाळणी उघडू लागला. त्याने आतली जुनी कांडी काढली, नवी बसवली, जोड घट्ट केले. इतक्या काळजीने त्याने माझ्याकडच्या कामाला पूर्वी कधी हात लावला नव्हता. गाळलेला गॅस त्याने पुन्हा एकदा गाळणीतून माझ्यात उतरवला. हे होईपर्यंत सव्वातीन वाजले.

दुसरी काचेची नळी लालाने धरली. मुंडो बघायला तयार नव्हता. तो पाठ करून उभा राहिला.

“सांग.”

“थांब जरा.”

“कोमाद्रे, सांग ना!”

“नाही बदलला,” लाला म्हणाली. “कोंपाद्रे, रंग नाही बदलला.”

त्यांनी मला दोराने छपरावर ओढलं. दोर तळहातांना कापत होता, तरी मुंडोने तो सोडला नाही. वर तापलेल्या छपरावर मला वजनकाट्यावर उलटा ठेवला, नळी जोडली आणि झडप उघडली. दहा पौंड गेले. वीस. यंत्र घुरघुरलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. तीस. मुंडो कान लावून मोटरचा आवाज ऐकत होता. चव्वेचाळीसवर त्याने झडप बंद केली. खाली काय होतंय ते मला दिसत नव्हतं. बराच वेळ काहीच कळेना. मग अंगणातून डेल्फिनाबाईंचा आवाज आला. त्या एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होत्या, “गार! गार!”

मुंडो माझ्या शेजारी छपरावर बसला. माझ्यावर नाही, शेजारी.

पुढचं मी शेडमध्ये ऐकलं. लाझारोने रुग्णवाहिकेतून नऊ जणांना गाठलं. उरलेल्या तिघांकडे संध्याकाळी मुंडो स्वतः गेला. दोघांनी सिलिंडर अजून उघडले नव्हते. तिसऱ्याने, एका टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या बनवणाऱ्याने, आदल्या दिवशीच तो यंत्रात भरून टाकला होता, आणि ते यंत्र भट्टीपासून चार हातांवर होतं. मुंडोने आधी भट्टी विझवायला लावली, मग यंत्र बंद केलं. तो दुकानदार त्याला शिव्या घालत होता, शनिवारची गिऱ्हाइकी बुडाली म्हणून.

हेर्लिंदाबाई अकरा दिवस इस्पितळात होत्या. वाचल्या. पण आता त्या माणसं नीट ओळखत नाहीत, आणि ते त्या दिवसामुळे की वयामुळे, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. सोमवारी लाझारो आपण होऊन अधिकाऱ्यांपुढे हजर झाला. त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. मुंडोने साक्ष दिली, आणि त्यामुळे मावशीच्या घरचे लोक त्याच्याशी बोलायचे बंद झाले. ईस्टरच्या दिवशी सगळं घराणं नदीकाठी मांस भाजायला जमतं. पुढच्या ईस्टरला मुंडोला बोलावणं नव्हतं. तो शेडमध्ये आला आणि दिवसभर आमच्या झडपा साफ करत बसला.

लालाचा कंटेनर बंदरातूनच परत गेला. दुकान बंद करावं लागेल असं ती दोन महिने म्हणत होती. ऑक्टोबरमध्ये यादी लागली. या वेळी तिचं नाव होतं, पण समोरचा आकडा जेमतेम होता. तिने तो बराच वेळ बघितला आणि संगणक बंद केला.

“एवढ्यात भागेल?” मुंडोने विचारलं.

“नव्या गॅसवर नाही भागणार,” ती म्हणाली. “जुन्यावर भागवू.”

तेव्हापासून ती गावोगावच्या कारागिरांकडून जुना गॅस घेते. आज शेडमध्ये माझ्यासारखे एकोणचाळीस जण ओळीने उभे आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी आहे, आणि मोटर जळालेली होती की नव्हती, हे त्या चिठ्ठीवर आता मुंडो लिहितो.

माझी मात्र पाच वर्षं पुन्हा भरली आहेत. तळाशी मला गंज चढला आहे. उद्या मला पाण्याच्या परीक्षेला नेणार आहेत. या वेळी पास होईन असं वाटत नाही. आज दुपारी मुंडोने मला रिकामा केला. सगळा गॅस निघाल्यावरही तळाशी थोडा राहतोच. झडप उघडली असती, तर निघून गेला असता. पण त्याने पंप लावला आणि शेवटचा पाव पौंड ओढून निघेपर्यंत उन्हात उभा राहिला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुमच्या घरचा फ्रीज किंवा गार हवेचं यंत्र दुरुस्त करायला कुणी आलं, की तुम्ही त्याला पाणी विचारता. त्याच्याबरोबर एवढंही विचारा : जुना गॅस भरून न्यायला सिलिंडर आणलाय का? नसेल आणला, तर तो घेऊन येईपर्यंत थांबा. एक दुपार उकाड्यात काढावी लागेल. तुमची वयं लहान आहेत, तुम्हाला ती काढता येईल. ज्यांना काढता येत नाही, त्यांच्यासाठी काढा.